गोळी आपली नाही, म्हणून शिसंही आपलं नाही?



शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला गेले होते. तिथे मी शिशाच्या गोळ्यांवर बंदी हवी म्हणाले, तर एक काकू उसळल्याच. "म्हणजे तांब्याच्या गोळीनं मारलेलं चालतं का गं? ही तर अनुमोदना झाली!"

नाही चालत, काकू. पण कान झाकूनही भागत नाही. 1972 च्या कायद्यानं शिकार बंद असली, तरी पीक नासवणाऱ्या रोही-रानडुकरांना मारायचा परवाना निघतो. आपण निवडून, शोधून शिजवतो तो हरभरा त्याच शेतांतला.

शिशाची गोळी अंगात शिरली की तिचे बारीक कण मांसभर पसरतात. ते मांस खाणाऱ्या गिधाडा-गरुडाच्या पोटातल्या आम्लात ते विरघळतात, रक्तात उतरतात. पाणथळीत पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात. मारणाऱ्यानं संकल्प एका जिवाचा केला, मरतात भलतेच. कॅलिफोर्नियात 2019 पासून शिकारीत शिसं बंद आहे, युरोपीय संघानं 2023 पासून पाणथळींत छर्रे बंद केले. मांस खाणाऱ्यांना हे सुचलं आणि पाणी गाळून पिणाऱ्या आपण गप्प! आपल्याकडेही गिधाडं मेली तेव्हा 2006 साली जनावरांचं डायक्लोफिनॅक बंद झालंच ना?

परवाना नको, कुंपणाला पैसे द्या, हे मी म्हणतच राहणार. पण दिलाच, तर त्यात शिसं नको ही अट घाला, असा अर्ज मी लिहिलाय. पुढच्या स्वाध्यायाला आणते. काकू, पहिली सही तुमची.