कुलूप एक, किल्ल्या दोन



मोहफुलांचे दिवस आले की मुलचेरा तालुक्यातील घराघरांतून पहाटेच टोपल्या बाहेर पडतात. पाठोपाठ तेंदूपत्ता येतो. त्याच दिवसांत जंगलातील पाणी आटते, आणि रानगवा, रानडुक्कर, कधी वाघही शिवाराजवळ येतो. 2021 साली छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळपही आपल्या जिल्ह्यात उतरला. एखादे जनावर विहिरीत पडले किंवा वस्तीत अडकले, की वनविभागाचे पथक येते आणि बंदुकीतून भुलीची सुई मारते. सारे गाव पाहायला लोटते. "सुई लागली, आता कशाची भीती?" असे म्हणत माणसे पुढे सरकतात. ही समजूत जिवावर बेतू शकते. ती कशी, हे समजण्यासाठी जनावराच्या मेंदूत थोडे डोकावू या.

हत्ती, गेंडा, गवा अशा मोठ्या जनावरांसाठी एटॉर्फिन नावाचे औषध जगभर वापरतात. 1960 च्या सुमारास एडिनबरो येथे बेंटली यांच्या गटाने ते अफूतील थेबाइन या द्रव्यापासून तयार केले. मॉर्फिनपेक्षा ते हजार ते तीन हजार पट जोरदार आहे. मोठ्या हत्तीला दहा-पंधरा मिलिग्रॅम पुरते होतात. चिमूटभर मीठसुद्धा याहून कितीतरी जास्त भरेल! जानेवारी 2011 मध्ये कान्हाच्या जंगलातून 19 गवे बांधवगडला नेले, तेव्हा त्यांना याच औषधाची भूल दिली होती.

एवढेसे औषध एवढ्या मोठ्या जनावराला कसे आडवे करते? मेंदूतील पेशींवर बारीक बारीक कुलपे असतात. शास्त्रज्ञ त्यांना ग्राही म्हणतात. अफूवर्गीय औषधाची किल्ली या कुलपात बसली की वेदना थांबते, गुंगी येते, श्वास मंदावतो. 1973 साली अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी उंदराच्या मेंदूत ही कुलपे दाखवून दिली. ती तिथे कशासाठी, याचे उत्तर 1975 साली स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे मिळाले. ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन नावाची द्रव्ये वेगळी केली. म्हणजे कुलूप अफूसाठी नव्हतेच. वेदना सोसण्यासाठी निसर्गाने जनावराला त्याची स्वतःची किल्ली दिली होती. अफूची किल्ली तिच्यासारखी निघाली, इतकेच.

आता खरी गंमत पाहा. ही किल्ली कुलपात रुतून बसत नाही. शरीराच्या उष्णतेने सारे कण सतत थरथरत असतात. त्यामुळे किल्ली बसते, सुटते, पुन्हा बसते. ती किती घट्ट बसणार, हे दोन हिशेबांवर ठरते. पहिला हिशेब उष्णतेचा. किल्ली आणि कुलूप यांची नीट जोडी जमली की बहुधा थोडी उष्णता बाहेर पडते, आणि ती बाहेर पडली की जोडी सोडवायला तितके जड जाते. दुसरा हिशेब पाण्याचा. रोवण्याच्या वेळी बांधीत पाय ठेवला की तिथले पाणी बाजूला सरते ना? तसेच कुलपात दाटीने अडकलेले पाण्याचे कण किल्ली येताच मोकळे होतात. कणांना असे मोकळे होणे निसर्गाला मानवते, म्हणून त्यानेही जोडी पक्की होते. दोन्ही हिशेबांची बेरीज म्हणजे औषधाची पकड. याच शास्त्राला उष्मागतिकी म्हणतात. जनावराच्या मेंदूचे सूक्ष्म तुकडे थंड आणि कोमट अशा वेगवेगळ्या तापमानाला ठेवून, प्रत्येक वेळी किती औषध चिकटून राहते हे प्रयोगशाळेत मोजतात. त्यावरून दोन्ही हिशेब मांडता येतात.

किल्ली सुटते, म्हणूनच उतारा चालतो. नालट्रेक्सोन ही दुसरी किल्ली त्याच कुलपात चपखल बसते, पण कुलूप उघडत नाही. एटॉर्फिन क्षणभर सुटले की त्या जागी ही बसते, आणि पहिलीला वाट राहत नाही. मात्र एटॉर्फिन नष्ट झालेले नसते, ते रक्तात फिरतच असते. उतारा शिरेत टोचला की आडवा पडलेला गवा दोन-चार मिनिटांत उठून उभा राहतो. समोर माणसांची गर्दी असली तर तो कोणाकडे धावेल, सांगता येईल का?

उलटही घडते. एटॉर्फिन पित्तातून आतड्यात उतरते आणि तिथून पुन्हा रक्तात येते. उताऱ्याची किल्ली त्याआधीच संपली तर उठलेले जनावर पुन्हा कोसळते. म्हणून जास्त काळ टिकणारा उतारा निवडतात आणि पथक नंतरही नजर ठेवून असते.

वाघाची गोष्ट वेगळी. मांजराच्या कुळातील जनावर अफूवर्गीय जोरदार औषधाने उलट चवताळू शकते. म्हणून वाघाला केटामाइन व झायलाझिन देतात. झायलाझिनवर उतारा आहे, केटामाइनवर नाही. त्यामुळे वाघ हळूहळू शुद्धीवर येतो. तो डोळे उघडे ठेवून निपचित पडला तरी जवळ जाऊ नका.

बंधूंनो, एवढे लक्षात ठेवा. सुई लागलेल्या जनावरामागे धावू नका, आरडाओरडा करू नका. भुलीत त्याला अंगातील ताप आवरता येत नाही. पळवलेले जनावर तापते, त्याचे स्नायू निकामी होतात आणि ते काही दिवसांनीही मरू शकते. आडवा बैल फुगतो, हे आपण जाणता. गव्याचेही तसेच, म्हणून डॉक्टर त्याला छातीवर बसता करतात. त्यांना मोकळी जागा आणि पाणी द्या, तीच मोठी मदत.

आणि सर्वांत महत्त्वाचे. नेम चुकून शेतात पडलेली सुई मुलांच्या हाती लागू देऊ नका, स्वतःही उचलू नका. ती कोणत्या औषधाची, हे बाहेरून कळत नाही. जागेवर खूण करा आणि वनरक्षकाला बोलवा. सुई टोचली किंवा थेंब डोळ्यात, तोंडात गेला, तर भरपूर पाण्याने धुवा, पथकाच्या डॉक्टरांना त्याच क्षणी सांगा, श्वासावर लक्ष ठेवा आणि दवाखाना गाठा. श्वास थांबला तर वाटेतही तोंडाने श्वास देत राहा. माणसासाठी नालोक्सोन हा उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला पाहिजे.

गव्याच्या मेंदूतले कुलूप तुमच्या-आमच्या मेंदूतही आहे. गव्याला झोपवणारी किल्ली माणसाचा श्वास कायमचा थांबवू शकते.