पाला आमचा, कोकोपीट परगावचं

सोसायटीच्या महिन्याच्या खर्चाचा कागद मी वाचत नाही, हे या सदराच्या वाचकांना नवीन नाही. पार्किंगवरचा लेख छापून आल्यापासून आमच्या सेक्रेटरींनाही ते ठाऊक आहे. म्हणूनच की काय, या वेळी त्यांनी तो कागद लिफ्टमध्ये चिकटवला, आणि लिफ्ट नेहमीप्रमाणे तिसऱ्या मजल्यावर विचार करत थांबली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून वाचला. सुरक्षारक्षक, पाण्याचे टँकर, जिन्यातले दिवे आणि त्याखाली, 'खत प्रकल्पासाठी कोकोपीट, गोण्या'. समोरचा आकडा बघून मी चष्मा पुसला. आकडा तोच राहिला.

खाली उतरले तर मागच्या भिंतीशी धूर. फाल्गुन चालू आहे. आवारातला रेन ट्री आणि कोपऱ्यातला बदाम, दोघांनी मिळून महिनाभर अंगावरचं सगळं उतरवून ठेवलंय. झाडलोट करणाऱ्या दादांनी त्याचा ढीग केला होता आणि ढिगाला काडी लावली होती.

"दादा, अहो पानं जाळायची नसतात ना?"

"ताई, गोणीत भरून जिन्याखाली ठेवली तर साहेब म्हणतात इथे का ठेवली. गेटबाहेर ठेवली तर गाडीवाले म्हणतात पाला नेत नाही. जाळली तर तुम्ही ओरडता. आता तुम्हीच सांगा, खाऊ का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी सेक्रेटरींना गाठलं. म्हटलं, आपण आपली पानं जाळतो आणि शेकडो मैलांवरून आलेला नारळाचा भुसा विकत घेतो, तोही त्याच कामासाठी? सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "मॅडम, दोन्ही वेगळी हेड्स आहेत. पानं हाउसकीपिंगमध्ये येतात. कोकोपीट प्रकल्पात येतं."

थोडी माहिती देते आणि मग पुन्हा कुरकुर करते. खताच्या ढिगातल्या जिवाणूंना कर्ब आणि नत्र साधारण २५ ते ३० ला १ या प्रमाणात लागतात. भाजीपाल्याच्या ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, वाळलेल्या पानांत कर्ब जास्त. नुसता ओला कचरा टाकत राहिलं की जादा नत्र अमोनिया होऊन उडतं आणि शेजारी फोन करतात. वर चार मुठी सुका पाला टाकला की पाणी शोषलं जातं, हवा खेळते आणि शेजारी गप्प बसतात. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. पुणे महापालिका गांडूळखत करणाऱ्यांना मिळकतकरात ५ टक्के सूट देते, जोडीला सौरऊर्जा किंवा पावसाच्या पाण्याची सोय असली तर १०. आणि उघड्यावर कचरा जाळला तर ५ हजार रुपये दंड, असं राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच सांगून ठेवलंय. थोडक्यात, पानं जाळण्यासाठी दंड, पानांऐवजी कोकोपीट आणण्यासाठी खर्च, आणि या सगळ्याबद्दल करात सूट. आमच्या सोसायटीचा ताळेबंद कसा जुळतो, हे मला आता कळलं.

खरं तर कोकोपीट हा आमचा दुसरा संसार. पहिला यंत्राशी झाला होता. 'चोवीस तासांत खत' असं त्या यंत्राच्या अंगावरच लिहिलेलं होतं. विकणारा मुलगा टाय लावून आला होता. वरून ओला कचरा टाकायचा, बटण दाबायचं, आत ते दळलं जायचं, तापायचं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या खणातून तपकिरी, कोरडी, भुरभुरीत पूड बाहेर यायची. पुडीला करपलेल्या फोडणीचा वास होता. टाळ्या झाल्या. कमिटीने ती पूड समारंभाने गेटजवळच्या जास्वंदींना घातली. जास्वंदींना पाणी घातल्यावर पूड फुगली, तिच्यावर पांढरी लव धरली, मग ती आंबली आणि मग उंदीर आले. कारण ते खत नव्हतंच, कालची भाजी वाळवून दळलेली होती. खऱ्या खताचा ढीगही तापतो, पंचावन्न-साठ अंशांपर्यंत जातो, पण तो आतल्या जिवाणूंच्या स्वतःच्या उद्योगाने. मग तो सावकाश निवतो आणि नंतर काही आठवडे मुरतो. या मुरण्याला काही पर्याय नाही, हे लोणचं घालणाऱ्या पुण्यातल्या शंभर बायकांनी सांगितलं असतं, पण टायवाल्या मुलासमोर त्यांना कुणी बसवलं नाही. यंत्र आता निळ्या ताडपत्रीखाली उभं आहे आणि ए विंगच्या एका गाडीची जागा अडवतंय. त्यावरून जे चाललंय त्यावर वेगळा लेख होईल.

नंतर टाक्या आल्या. टाक्या चांगल्या होत्या. मग एक दिवस कुणीतरी झाकण उघडलं आणि आत जाडजूड, खाकी रंगाच्या अळ्या वळवळताना दिसल्या. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला, तोही सकाळी सव्वाआठला, ऐन पोह्यांच्या वेळी. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या होत्या. ती माशी चावत नाही, माणसांच्या ताटांवर घोंगावत नाही, आणि तिच्या अळ्या ओला कचरा ज्या झपाट्याने फस्त करतात ते पाहून आमच्या टायवाल्या मुलाला नोकरी सोडावीशी वाटली असती. पण फुकट राबणाऱ्याला आपल्याकडे मान नसतो. संध्याकाळपर्यंत टाकीत कीटकनाशक फवारून झालं होतं. जे जे जिवंत होतं ते मेलं, आणि मग टाकी खरोखर घाण मारू लागली. त्यावर उपाय म्हणून कोकोपीट आलं.

चिडून मी जरा वाचलं. पाला, काडीकचरा, शेण यांचे थर रचून ढीग लावायचा, तो मधूनमधून उलटायचा, तीन महिन्यांत खत. ही पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. होळकरांच्या इंदुरात १९२४ साली निघालेल्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी ती बसवली, आणि १९३१ मध्ये दोघांच्या नावाने त्यावर पुस्तक निघालं. पुढे हॉवर्ड सेंद्रिय शेतीचे आद्यपुरुष झाले, सरही झाले. वाडांचं नाव मात्र पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून पुढे फारसं सरकलं नाही. मी सेक्रेटरींना सुचवलं की आपल्या प्रकल्पाच्या पाटीवर यशवंत वाडांचं नाव टाकू या. ते म्हणाले, "चालेल. कुठल्या विंगचे?"

हे सगळं मी घरी येऊन तावातावाने सांगत होते तेव्हा आत्या मटार सोलत बसल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या आतेसासूबाई. दर वर्षी या दिवसांत त्या चिपळूणहून येतात. त्यांच्या आणि आमच्या मिक्सरच्या वैरावर मी मागे लिहिलं होतं, ते त्यांनी वाचलं नाही हे माझं नशीब. पानं जाळल्याचं ऐकून त्या म्हणाल्या, "पातेरा जाळलात? आमच्याकडे पातेरा माडाच्या आळ्यात जातो, गोठ्यात गुरांखाली जातो. जाळतो आम्हीही भाजावळीला, पण तिथे मग भाताची रोपं होतात. तुमच्या भिंतीशी काय व्हायचंय?" आणि विषय संपल्यासारखं करून त्या उठल्या आणि ओल्या कचऱ्याची बादली बघायला गेल्या.

आत्या बादलीवरून घराची पत्रिका मांडतात. वरच्या थराकडे नुसतं पाहून त्यांनी सांगितलं, की कोथिंबीर धुऊन ओलीच ठेवली म्हणून सडली, आमटी परवाची आहे, आणि या घरात पोळ्या कुणी मोजत नाही. मग त्यांनी बादलीतून फ्लॉवरची पानं उचलून बाहेर काढली. माझी लेक "आजी!" म्हणून किंचाळली. लेकीच्या खोलीच्या गॅलरीत खताच्या तीन रंगीत कुंड्या आहेत, त्यामुळे कचऱ्यावर आपला हक्क आहे असं तिला वाटतं. "ती माझ्या कंपोस्टची आहेत!" आत्या म्हणाल्या, "कंपोस्टला पिठलं आवडतं का? मला आवडतं. पानं पिठल्यात जातील."

पुढचे काही दिवस आम्ही सालांवर काढले. दुधीच्या सालांची तीळ-खोबरं घालून चटणी झाली, ती खरंच फार चांगली झाली. कलिंगडाच्या पांढऱ्या गराची थालीपीठं झाली, त्यांना हरकत नाही. आणि मग मटारच्या शेंगांची भाजी. ही कशी करतात ते मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. दाणे काढून घेतल्यावर रिकामं साल उघडायचं, टोकाशी उलटं मोडायचं आणि आतला कडक, पारदर्शक पापुद्रा अलगद ओढायचा. बेताने ओढला तर अख्खा निघतो, घाई केली तर तुटतो आणि नखाने खरवडत बसावं लागतं. पापुद्रा कचऱ्यात, उरलेलं कोवळं हिरवं साल भाजीत. किलोभर शेंगांत आत्यांची अख्खी दुपार गेली आणि संध्याकाळी लहानशी वाटी भरली. यजमानांनी खाऊन "छान आहे, काय आहे?" असं विचारलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

आजीच्या स्वयंपाकघरात काही म्हणजे काही वाया जात नसे, असे लेख हल्ली वरचेवर छापून येतात. वाचायला गोड असतात. साल वाया गेलं नाही हे खरं, पण ती दुपार कुणाची होती आणि तिचा हिशेब कुठल्या हेडखाली लागला, हे त्या लेखांत नसतं. मी हे आत्यांना जरा घाबरतच बोलून दाखवलं. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "मग? मला काय हौस होती? सात खाणारी तोंडं आणि एक भाजी. साल टाकलं असतं तर मला उरलं नसतं. तू नोकरीला जातेस, तू टाक सालं खुशाल. पण पोळ्या मोज."

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांतून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. जगाची सरासरी ७९. यात सालं, बिया, हाडंही धरतात, म्हणजे मटारचा पापुद्राही त्यात आलाच. हे आकडे मला पाठ आहेत, कारण ते आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये फलकावर लिहिलेत. आमच्याकडे गेल्या आठवड्यात 'अन्न वाचवा सप्ताह' झाला. प्रत्येक खात्याला वेगळी बादली, रोज तिचं वजन, आणि सर्वांत कमी वजनाच्या खात्याला बक्षीस. उद्घाटनाला फुलांचे गुच्छ होते. ते कुठल्या बादलीत गेले ते विचारू नका.

कँटीनवाले अण्णा या सप्ताहावर वैतागलेले. ते म्हणाले, "मॅडम, ताटातलं मोजून काय होणार? माझ्या पातेल्यात किती उरतं ते बघायला या." आत नेऊन त्यांनी दाखवलं. अर्धं पातेलं पांढरा भात, वर साय धरलेली डाळ, आणि कडेला झाकून ठेवलेली शंभरेक पोळ्यांची चवड. ऑफिसात शुक्रवारी अर्धे लोक घरून काम करतात. पण कोण येणार, कोण नाही, हे अण्णांना कुणी कळवत नाही. त्यासाठी म्हणे एक फॉर्म आहे, तो मनुष्यबळ विभागाकडे जातो आणि तिथेच राहतो. अण्णा सोमवारच्या आकड्यावर शुक्रवारचं पीठ मळतात. कमी पडलं तर तक्रार त्यांची होते, उरलं तर कुणाचीच होत नाही. रात्री ते उरलेलं काही जणांना वाटतात, बाकीचं एक डुकरं पाळणारे गृहस्थ घेऊन जातात. त्याची ना बादली, ना वजन, ना फलक.

मी म्हटलं, अण्णा, सकाळी दहापर्यंत हजेरीचा आकडा तुम्हाला मोबाइलवर मिळाला तर? ते म्हणाले, "तेवढंच तर पाहिजे. तेच तर कुणी देत नाही." मी आमच्या साहेबांना मेल टाकली. सूचना उत्तम आहे, पुढच्या सप्ताहाच्या वेळी विचार करू, असं उत्तर आलं. सहीखाली हिरवं पान.

इकडे स्पर्धेला रंग भरला होता. दुसऱ्या दिवसापासूनच लोकांनी ताटातलं शेजारच्या खात्याच्या बादलीत ढकलायला सुरुवात केली. विक्री खात्याची बादली चौथ्या दिवशी काठोकाठ भरली, तेव्हा विक्रीतले सगळे दौऱ्यावर होते. सर्वांत हलकी बादली निघाली लेखा विभागाची. त्यांचा ताळेबंद नेहमीच जुळतो. बक्षीस म्हणून शुक्रवारी दुपारी त्यांच्यासाठी चार किलोंचा केक आला. खात्यात माणसं सोळा, पैकी हजर पाच.