लोणी साठवू नका, कढवा

22 सप्टेंबर 2025 पासून लोणी आणि तूप या दोन्हींवरील जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पाकीटबंद माल स्वस्त झाला की घरगुती लोण्याच्या दरावर दबाव येतो आणि भावाची वाट पाहत लोणी घरात साचते. रायगड किनाऱ्यावर ही वाट महागात पडते. डेअरीच्या लोण्यातही 16 टक्क्यांपर्यंत पाणी चालते; घरगुती लोण्यात बहुधा जास्तच असते. त्यात ताकाचा अंश आणि दमट हवा, म्हणून ते लवकर खवट होते. फ्रीजवरही विसंबता येत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती.

थांबायचेच असेल, तर तूप करून थांबावे. लोणी थंड पाण्याने, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावे. मंद आचेवर बेरी तांबूस होईपर्यंत कढवून गाळावे. कोरड्या काचेच्या किंवा स्टीलच्या बरणीत काठोकाठ भरून अंधारात ठेवावे. तांब्या-पितळेचे भांडे टाळावे, त्यात तूप लवकर खवटते. नीट कढवलेले तूप फ्रीजशिवाय काही महिने टिकते. मात्र किलोभर लोण्याचे तूप 800 ग्रॅम किंवा त्याहून कमी भरते. दर ठरवताना ही घट धरावी.