‘म्हणे’ या एका शब्दासाठी

या त्रैमासिकाच्या मागील एका अंकात आलेल्या लघुकथेवर काही वाचकांनी जो आक्षेप नोंदविला, तो आम्ही दोनदा वाचला. कथा जेमतेम तीन पानांची आहे. सोयाबीन हातचे गेले त्या वर्षी नवऱ्याने जीव दिला, अशी एक ख्रिस्ती शेतकरी स्त्री घरातील येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवते. शेजारीण समजूत घालावयास येते, तेव्हा ती एवढेच बोलते: ‘फादर सांगतेत, त्यो समदं बघतो म्हणे.’ सायंकाळी त्या पाठमोऱ्या तसबिरीपुढेच ती दिवा लावते. कथा तेथे संपते. आक्षेप असा, की कॅथलिक नियतकालिकाने श्रद्धेला तडा देणारे असले निराशावादी लेखन छापू नये. आणि छापलेच आहे, तर तरुण वाचकांनी त्यातून कोणता बोध घ्यावा, हे संपादकांनी सांगावे.

संपादक सौजन्याने गप्प राहिले आहेत. ते सौजन्य आम्हाला साधणार नाही. आक्षेप घेणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी आम्हाला यत्किंचितही शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या कानाविषयी. तीन पानांतील प्रत्येक शब्द त्यांनी डोळ्यांनी वाचला. एकही ऐकला नाही.

‘बोध’ हा शब्द मुळात चांगला आहे. त्याची जी गत झाली, तिला शाळा जबाबदार आहे आणि आम्ही धर्मगुरूही आहोत. दहावीची गाईडे उघडून पाहावीत. कविता कोणतीही असो, तिच्याखाली दोन ओळींत आशय, दोन ओळींत संदेश असे तयार सामान मांडलेले असते. मुलाने कविता वाचली नाही तरी गुण मिळतात. वाचली तर मात्र कमी होण्याचा संभव असतो. आमच्या वसतिगृहातील एका मुलाने शेतकऱ्याच्या कष्टांवरील एका कवितेचा संदेश ‘श्रमाचे महत्त्व’ असा पाठ केला होता. त्याला आम्ही ती कविता मोठ्याने वाचावयास लावली. निम्म्यावर तो थांबला आणि म्हणाला, ‘फादर, पण माझा बाप असं बोलतो तवा त्यो शिव्या देत असतो.’ त्या मुलाला कवितेचा सूर घरून ठाऊक होता. गाईडाने तो त्याच्याकडून काढून घेतला होता. परीक्षेत त्याने ‘श्रमाचे महत्त्व’ हेच लिहिले, आणि तसे लिहावयास आम्हीच सांगितले, हेही नमूद केले पाहिजे.

विषय निराळा आणि आशय निराळा. शेती, मरण, देव, आई हे विषय झाले. त्या विषयाविषयी लेखकाला काय जाणवले, तो आशय. आणि तो आशय ज्या आवाजात आपल्यापर्यंत येतो, तो सूर. सूर बदलला की तीच वाक्ये उलट अर्थाची होतात. आपल्या मराठीने तर यासाठी एकेका अक्षराची हत्यारे घडविली आहेत. ‘देव दयाळू आहे’ हे विधान झाले. ‘देव दयाळूच आहे’ यात कोणीतरी शंका घेतल्याचे कळते. ‘देव दयाळू आहे ना?’ यात विचारणाऱ्याचा हात थरथरतो. आणि ‘देव दयाळू आहे म्हणे’ यात बोलणारा त्या वाक्यापासून एक पाऊल मागे सरकलेला असतो. नाकारीत नाही, पत्करीतही नाही, दुसऱ्याने ठेवावयास दिलेली वस्तू हातात धरावी तसे ते वाक्य धरून उभा राहतो. कथेतील स्त्रीचे सगळे दुःख त्या ‘म्हणे’मध्ये आहे. आक्षेपकांनी पत्रात तिचे वाक्य उद्धृत केले आहे आणि तेवढाच एक शब्द गाळला आहे! छापताना राहिला असेल म्हणावे, तर वाक्य पूर्णविरामाने नीट बंद केलेले आहे.

सूर न ऐकणाऱ्यांना हा हिंगोली जिल्हा मानवणारा नाही. जिल्हा म्हणून तो १९९९ साली परभणीतून वेगळा झाला. त्याची वाणी मात्र सात शतकांची आहे. १२७० साली जन्मलेल्या संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरा ज्या नरसीचे नाव घेते, ती येथलीच. नामदेवांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि त्यांच्यासाठी २०१५ साली मराठी साहित्य संमेलन पंजाबातील घुमानला भरले, हे सर्व आपण अभिमानाने सांगतो. पण नामदेव विठ्ठलाशी कसे बोलतात? रुसतात, भांडतात, अडून बसतात, टोचून बोलतात. देवाने नैवेद्य खाल्ला नाही तर डोके फोडून घेईन, असे धमकावणारा बाळ नामदेव ज्या समाजाने कौतुकाने मांडीवर घेतला, त्या समाजाला ‘यातून अश्रद्धेचा प्रसार होतो’ असे वाटले नाही. जवळीक असल्यावाचून भांडण होत नाही, हे वारकरी श्रोत्याला सांगावे लागत नाही. मराठीत देवाला ‘तू’ म्हणतात, आईलाही ‘तू’ म्हणतात. कोणता ‘तू’ कोठला, हे सुरावरूनच कळते.

याच जिल्ह्यातील औंढा नागनाथाशी विसोबा खेचरांची कथा परंपरेने जोडली आहे. पिंडीवर पाय ठेवून निजलेला म्हातारा पाहून नामदेव संतापतात. म्हातारा सांगतो, की जेथे देव नाही अशा जागी माझे पाय उचलून ठेव. आणि तशी जागा सापडत नाही. नामदेवांसारख्या कवीनेही प्रथम केवळ पाय पाहिले, सूर ऐकला नाही. फरक इतकाच, की त्यांनी ते कबूल केले आणि त्या म्हाताऱ्याला गुरू केले. संपादकांकडे तक्रार केली नाही.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर वसमत तालुक्यातील रिधोऱ्याचे कवी इंद्रजित भालेराव यांचा १९८९ सालचा ‘पीकपाणी’ हा संग्रह घ्यावा. लोकगीताची लय कानाला गोड लागते म्हणून जो त्यात गावाचे गोडवे शोधील, तो फसेल. ती लय जात्यावर बसलेल्या बायकांची आहे, आणि जात्यावर बसून कोणी केवळ सुखाचेच गायिले नाही.

कोणी म्हणेल, संतांचे आणि शेतकरी कवींचे ठीक आहे. आपल्या पवित्र शास्त्राचे काय? अवश्य पाहू. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते; शेवटी सांत्वनाची एक ओळही जोडलेली नाही. आक्षेपकांच्या कसोटीने ते छापण्यास अयोग्य ठरेल. बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ प्रत्यक्ष प्रभूने क्रुसावरून उच्चारला. देवाने आपल्याला का टाकले, असा तो प्रश्न आहे. त्यातून कोणता बोध घ्यावा, असे क्रुसाखाली उभ्या असलेल्या मरियेने विचारले नाही.

आणि योबचा ग्रंथ! एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र जे बोलतात, ते सुटे काढून पाहिले तर बहुतेक निर्दोष धर्मशिक्षण आहे. आपण त्यातील कितीतरी प्रवचनांत वापरतो. योब मात्र ओरडतो, जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो. अखेरीस देव कोणावर रागावतो? त्या तिघांवर. माझ्याविषयी योब जसे नीट बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे तो त्यांना सुनावतो. तिघांची वाक्ये शुद्ध होती. राखेत बसलेल्या माणसापुढे त्यांचा सूर खोटा होता. ज्यांना आमच्या या लेखातील पट्टी कडक वाटते, त्यांनी त्या ग्रंथाचा बेचाळिसावा अध्याय वाचावा.

आम्ही हे उंचावरून बोलत नाही. दीक्षेनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत एका गावी आम्हाला मध्यरात्री बोलावणे आले. मूल गेले होते. आईने विचारले, ‘देवाला डोळे न्हाईत का हो, फादर?’ आम्ही गुरुविद्यालयातून ताजे बाहेर पडलो होतो. मानवाचे स्वातंत्र्य, आदिपाप, दुःखाचे तारणमूल्य असे सर्व काही आम्ही क्रमाने सांगितले. तिने ऐकून घेतले, पदर पुढे ओढला आणि म्हणाली, ‘बरं.’ ते ‘बरं’ आम्हाला होकारासारखे वाटले. ते दार लावून घेतल्याचा आवाज होते, हे कळावयास आम्हाला पुष्कळ वर्षे लागली. तोवर ती मिस्सेला येत राहिली, पण तिने आम्हाला पुन्हा कधी काही विचारले नाही. कथा-कवितांचा सूर ओळखणे हा रिकामटेकड्यांचा छंद आहे, असे कोणी म्हटले की आम्हाला ते ‘बरं’ आठवते.

आमच्या शिक्षणकाळात कादंबरी वाचणे म्हणजे सुटीतील करमणूक समजली जाई. ग्रंथालयातील कथासंग्रहांचे कपाट कोपऱ्यात असे आणि त्याची किल्ली मागून घ्यावी लागे. वास्तविक द्वितीय व्हॅटिकन महासभेने १९६५ सालीच दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात सांगितले होते, की शास्त्राचा अर्थ लावताना इतिहास, भाकीत, काव्य असे लेखनप्रकार ध्यानी घ्यावेत. कारण सत्य प्रत्येकात निराळ्या रीतीने व्यक्त होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तर १७ जुलै २०२४ रोजी केवळ या विषयावर, जडणघडणीतील साहित्याच्या स्थानावर, पत्र लिहिले. धर्मगुरूंच्या शिक्षणात साहित्य दुय्यम मानले जाते, याबद्दल त्यांनी त्यात खेद व्यक्त केला आहे. तरुणपणी, १९६४-६५ मध्ये, अर्जेंटिनातील सांता फे येथे ते साहित्य शिकवीत. मुलांना नेमलेले जुने वीरकाव्य नको होते, गार्सिया लोर्का हवा होता. त्यांनी वीरकाव्य घरी वाचावयास दिले आणि वर्गात मुलांच्या आवडीचे लेखक घेतले. आमच्या वर्गात असे झाले असते, तर त्या मध्यरात्री आम्ही कदाचित कमी बोललो असतो.

कथेचा कैवार घेणाऱ्या एका मित्रालाही येथे दोन शब्द सुनावणे भाग आहे. ते म्हणतात, ‘अखेर तिने दिवा लावलाच ना? म्हणजे श्रद्धेचा विजय झाला. मग आक्षेप कशाला?’ हे आक्षेपकांचेच जुळे भावंड! त्यांना बोध सापडला नाही म्हणून ते रागावले, यांना सापडला म्हणून हे खूश झाले. थांबून ऐकले दोघांनीही नाही. दिवा श्रद्धेने लावला, की सवयीने, की भांडण झाले तरी रात्री नवऱ्याचे ताट झाकून ठेवावे तसा, हे लेखिकेने सांगितलेले नाही. सांगितले नाही, हाच त्या शेवटाचा सूर आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आठवावीत. १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर या बाईंनी ताटातुटीची जी वर्षे काढली, ती त्यांनी स्वतःला हसत सांगितली. त्या हसण्याला कोणी विनोद म्हणून बाजूला काढले, किंवा धर्मांतराची साक्ष तेवढी निवडून घेतली, तर हाती पुस्तकाचे साल उरते, गर नव्हे.

आक्षेप घेणाऱ्या वाचकबंधूंना आमची विनंती एकच आहे. तो अंक पुन्हा काढावा. घरात कोणी वडीलधारी, शक्यतो खेड्यात वाढलेली बाई असेल तर तिला समोर बसवावे आणि कथा मोठ्याने वाचावी. ‘म्हणे’पाशी आल्यावर क्षणभर थांबावे, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहावे. संपादकांना पुढील पत्र त्यानंतर लिहावे. आम्ही ते तिसऱ्यांदा वाचू.