विमान कां पडतें?

आमच्या चंद्रपुराकडील मंडळींस विमानानें परदेशीं जावयाचें म्हणजे आधीं नागपूर गांठावें लागतें. गडचिरोली-अहेरीकडच्यांना तर तेंहि बरेंच लांब. त्यामुळें विमान ही आमच्या नित्य पाहण्यांतील वस्तु नव्हे. तथापि १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेस विमान कोसळून अडीचशेंहून अधिक माणसें दगावलीं, तेव्हांपासून आमच्या घरीं हा विषय वारंवार निघतो. कारण आमची नात पुढील शिक्षणासाठीं परदेशीं जावयाची आहे.

आमच्या वडील वहिनी म्हणाल्या, "दैवांत असेल तें चुकत नाहीं, पण आपण होऊन त्याच्या तोंडीं कां जावें?" धाकटे बंधु म्हणाले, "दैव कसलें, वहिनी? चालविणारा चुकतो, दुसरें काय!" नात मुकाट्यानें ऐकत होती. घरांतले मास्तर आम्ही. तेव्हां तिची समजूत घालण्याचें काम अर्थातच आमच्याकडे आलें.

वहिनींचें उत्तर आणि बंधूंचें उत्तर दिसावयास उलट. पण दोहोंत एक साम्य आहे. दैवाला किंवा एका माणसाला बोल लावला कीं, पुढें विचार करण्याचें कारणच उरत नाहीं. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कोणत्याहि कर्माचीं कारणें पांच सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. तो उपदेश आत्मज्ञानाचा आहे, यंत्रविद्येचा नाहीं, हें आम्ही जाणतों. तरीहि हे पांच शब्द हाताशीं धरून विमानांचे अपघात पाहूं लागल्यास पुष्कळ उलगडा होतो.

अधिष्ठान म्हणजे जेथें कर्म घडतें तें स्थान. २६ एप्रिल १९९३ रोजीं तेव्हांच्या औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराहून, एक प्रवासी विमान मुंबईस निघालें. आंत ११८ माणसें. वैशाखाच्या सुमाराची दुपार. तापलेली हवा विरळ होते व तींत भरलेल्या विमानास उड्डाणासाठीं अधिक धांवावें लागतें. धांवपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जात होता आणि त्या क्षणीं त्यावरून कापसाच्या गांठींनीं भरलेला ट्रक चालला होता. विमानाचें चाक व इंजिन त्या ट्रकास धडकलें. पुढें तें विजेच्या तारांत अडकून कोसळलें आणि ५५ जण मृत्युमुखीं पडले. चौकशींत वैमानिकांनीं विमानाचें नाक उशिरा व चुकीच्या रीतीनें उचलल्याचा ठपका आला. परंतु तेवढ्यावर चौकशी थांबली नाहीं. उड्डाणाच्या वेळीं तो रस्ता मोकळा ठेवण्याची व्यवस्था झाली नाहीं, हाहि दोष तिनें नोंदविला. रस्ता मोकळा असता तर तीच चूक कदाचित् निभावून गेली असती.

करण म्हणजे साधन. १ जानेवारी १९७८ च्या रात्रीं एअर इंडियाचें 'सम्राट अशोक' हें जंबो विमान मुंबईहून दुबईस निघालें आणि दोन मिनिटांच्या आंत वांद्र्यानजीक समुद्रांत पडलें. २१३ जणांपैकीं एकहि वांचला नाहीं. विमान कोणत्या बाजूस किती कललें आहे हें दाखविणारें मुख्य वैमानिकापुढील उपकरण बिघडलें होतें. बाहेर काळोख, खालीं काळें पाणी. क्षितिज दिसत नव्हतें. उपकरण उजवीकडचा कल दाखवीत होतें, म्हणून त्यानें विमान डावीकडे वळवीत नेलें. शेजारच्या सहवैमानिकापुढें तसलेंच दुसरें उपकरण होतें. पण त्याच्याशीं वेळींच ताळा घेतला गेला नाहीं. साधन खोटें बोललें आणि कर्त्यानें त्यावर विश्वास ठेवला. हीं दोन कारणें एकमेकांपासून वेगळीं काढतां येत नाहींत.

चेष्टा म्हणजे अनेकांच्या निरनिराळ्या हालचाली. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांतील चरखी दादरीवर दोन विमानें आकाशांतच आदळलीं व ३४९ जण गेले. उतरणाऱ्या विमानास पंधरा हजार फुटांवर थांबण्याची आज्ञा होती. तें त्याहून खालीं, चौदा हजार फुटांवरून समोर येणाऱ्या विमानाच्या मार्गांत आलें. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचा मार्ग तेथें एकच होता, आणि दिल्लीच्या नियंत्रकास विमानाची उंची पडद्यावर दिसण्याची सोय नव्हती. त्यानंतर मार्ग निराळे झाले व टक्कर टाळण्यासाठीं इशारा देणारें यंत्र विमानांत सक्तीचें झालें.

राहिलें दैव. पक्ष्यांचा थवा आडवा येणें हें दैवच म्हणूं. १५ जानेवारी २००९ रोजीं न्यूयॉर्क येथें असाच थवा आडवा आला व एका विमानाचीं दोन्ही इंजिनें निकामी झालीं. वैमानिकानें तें हडसन नदींत उतरविलें आणि १५५ जणांपैकीं एकहि दगावला नाहीं. दैवानें आपलें काम केलें; पण बाकीचीं चार कारणें तयारींत होतीं.

विमानांतील 'काळी पेटी' प्रत्यक्षांत नारिंगी रंगाची असते, म्हणजे ढिगाऱ्यांत ती चटकन् दिसावी. तींत वैमानिकांचें संभाषण व यंत्रांच्या नोंदी राहतात. १९४४ सालच्या शिकागो येथील आंतरराष्ट्रीय कराराच्या तेराव्या परिशिष्टांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, अशा चौकशीचा हेतु पुढील अपघात टाळणें हा आहे. दोष वांटून देणें हा नाहीं. हा नियम वाचून आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवली व मान खालीं गेली.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं वैनगंगेकांठच्या एका शाळेंत आम्ही नवे मास्तर होतों. आवारांतील विहिरीवर मुलें पाळीपाळीनें पाणी शेंदीत. एके दिवशीं दोर तुटून एक मुलगा मागें दगडांवर आपटला व त्याचें मनगट मोडलें. मुलगा धसमुसळा म्हणून आमच्या लेखीं प्रसिद्धच. आम्ही एवढेंच विचारलें, "कोण शेंदीत होता?" तो हात बांधून शाळेंत परत आला, तेव्हां त्यास सर्वांदेखत उभें करून आम्ही निष्काळजीपणाबद्दल खरडपट्टी काढली. दोरास गांठ मारून काम पुढें सुरू झालें. महिना गेला नाहीं तोंच तो दोर पुन्हा तुटला. या खेपेस तो वर्गांतील सर्वांत शांत मुलाच्या हातांत होता. त्याचें कपाळ फुटलें. मग आम्ही विहिरीवर जाऊन पाहिलें. कप्पीची कड झिजून पात्यासारखी झाली होती आणि तीच दोर कापीत होती. शिपायास तें ठाऊक होतें. "सांगितलें असतें तर माझ्यावरच आलें असतें, गुरुजी," तो म्हणाला. पहिला मुलगा जवळच उभा राहून ऐकत होता. त्याची क्षमा मागावयाची आमची छाती झाली नाहीं. पुढच्या वर्षीं तो शाळेंत आला नाहीं.

तो शिपाई बोलला नाहीं याचें कारण आम्हीच होतों. पहिल्या दिवशींच शिक्षा करून आम्ही त्यास गप्प बसावयास शिकविलें होतें. विमानांच्या बाबतींत जग जें शिकलें, तें प्राण देऊन शिकलें: चुकलेल्यास निर्भयपणें बोलूं द्यावें, आणि त्याच्या बोलण्यावरून कप्पी बदलावी. जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्याची गोष्ट वेगळी. तिच्यासाठीं न्यायासन आहे.

हें सर्व नातीस सांगितलें. उड्डाणापूर्वींच्या सूचना लक्ष देऊन ऐक, पट्टा बांध, बाहेर पडावयाचें दार आपल्यापासून किती रांगांवर आहे तें मोजून ठेव, एवढाच उपदेश केला. वहिनी शेजारींच वाती वळीत होत्या. म्हणाल्या, "दैव पांचवें म्हणतां ना? मग तुमच्या चौघांनीं आपलें काम नीट करावें. पांचव्याकडे मी पाहीन." नात हंसली. तिच्या हातावर दहीं घालावयाचें वहिनींनीं कबूल केलें आहे.

वाचकांच्या घरीं दुधाचें भांडें उपडें होतें, जिन्यावरून कोणी घसरतें, आणि बोट बहुधा सुनेकडे किंवा धाकट्या मुलाकडे जातें. अशा वेळीं आधीं जिन्याची पायरी हातानें चांचपून पाहावी, एवढीच आमची विनंति.