वेदनेला रक्ताची साक्ष कशाला?

जुनाट पाठदुखीचा रुग्ण आपल्याकडे बहुधा दोन ओझी घेऊन येतो : एक दुखण्याचे, दुसरे अविश्वासाचे. एम.आर.आय.मध्ये वयानुसार झीज, बाकी काही नाही. मग "मनाचे खेळ आहेत" असे घरचे म्हणतात, क्वचित आपणही. अशा वेळी रक्तातील एखादा आकडा वेदनेची साक्ष देऊ लागला तर तो कोणाला नको आहे? म्हणूनच मज्जारज्जू-उद्दीपनानंतर (स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन) इंटरल्यूकिन-६, टी.एन.एफ. आदी दाहनिदर्शकांत काय फरक पडतो, या संशोधनाकडे आशेने पाहिले जाते. ते व्हावेच, परंतु या आकड्यांना आजच निवाड्याचा अधिकार देऊ नये, असे माझे मत आहे.

मेलझॅक व वॉल यांनी १९६५ साली वेदनेचा 'द्वार-सिद्धांत' मांडला आणि १९६७ साली शीली यांनी रुग्णाच्या मज्जारज्जूच्या मागील बाजूस विद्युत्-अग्र बसविले. वेदनेत दाहद्रव्यांचा वाटा असतो, हे पुढे उलगडत गेले. तथापि मज्जारज्जूत जे घडते ते दंडातून काढलेल्या रक्तात उमटेलच असे नाही. शिवाय सी.आर.पी. लठ्ठपणाने वाढते, हिरड्यांच्या विकारानेही वाढते.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. २०२२ साली 'जामा'त प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील चाचणीत, कण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही पायात उतरणारी कळ न थांबलेल्या ५० रुग्णांना यंत्र बसवून ते आळीपाळीने चालू व, त्यांच्या नकळत, बंद ठेवण्यात आले. दोन्ही काळांत रुग्णांची हालचाल सुधारली. दोहोंतील फरक मात्र नगण्य होता. तेथील उद्दीपन-पद्धतीवर आक्षेप घेतले गेले, तरी बोध उरतोच. रुग्ण येतो तोच दुखणे शिगेला पोहोचल्यावर. पुढे काहीसा उतार आपसूक पडतो, काहीसा विश्वासाने. अशा वेळी उपचाराच्या 'आधी' आणि 'नंतर' रक्त तपासले व आकडा उतरलेला दिसला, तर श्रेय कोणाला द्यावयाचे? तुलनेचा गट नसेल तर या प्रश्नाला उत्तर नाही. आणि लाखो रुपये मोजणाऱ्या कुटुंबाला अनुत्तरित प्रश्न पुरावा म्हणून दाखविणे न्याय्य नव्हे.

याचा अर्थ रक्ततपासणी निरुपयोगी आहे असा नाही. ताप, घटणारे वजन, रात्रीची वेदना, सकाळचा ताठरपणा असेल तर ई.एस.आर. व सी.आर.पी. जरूर पाहावे, मणक्याचा क्षय किंवा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस यांचा संशय घेण्यास ते साहाय्य करतात. मात्र अहवाल निर्दोष आला म्हणून वेदना खोटी ठरत नाही. उद्या विमा कंपनी वा मालक "आकडा ठीक, म्हणून दुखणे नाही" असे म्हणू लागले, तर त्यांच्या हाती ते शस्त्र आपणच दिलेले असेल.

रुग्ण वेदना सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर करावा, असे आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० साली नमूद केले आहे. तेव्हा यंत्राची शिफारस करण्यापूर्वी तात्पुरत्या उद्दीपनाच्या काळात रुग्ण किती चालला, किती झोपला, कामाला लागला का, हे विचारावे. हे मोजमाप प्रयोगशाळेत होत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि तो आपण दिलाच पाहिजे.