बोली कुणाची, मत कुणाचं?

"गावात भांडणं नकोत. निवडणूक बिनविरोध करू या."

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. बोलणारी माणसं वडीलधारी असतात, त्यामुळे 'का बरं?' असं विचारणारी बाई लगेच भांडखोर ठरते. म्हणूनच, मैत्रिणींनो, हा प्रश्न आपण सगळ्यांनी मिळून विचारला पाहिजे.

नंदुरबार तालुक्यातलं खोंडामळी गाव घ्या. १५ जानेवारी २०२१ ला मतदान व्हायचं होतं. ते तोंडावर आलं असताना राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली, कारण सरपंचपदाचा लिलाव झाला होता. वर्तमानपत्रांत आकडा आला ४२ लाखांचा, देवळासाठी. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली, तीही देवळासाठीच. आयोगाने ती निवडणूकही रद्द केली.

"पैसा कुणी खाल्ला नाही, देवाच्या कामाला गेला. मग बिघडलं कुठे?" असं म्हणणारे भले लोकही भेटतात. त्यांना उत्तर दिलं पाहिजे.

बोली लावायला पैसा लागतो, आणि पैशामागे जमीन, पत, भाऊबंद लागतात. सातबाऱ्यावर किती बायकांची नावं आहेत? शेतमजूर बाई, विधवा, नवऱ्याने टाकलेली बाई लाखांची बोली कशी लावणार? लिलाव जिथे चालतो त्या पारावर तर तिला उभं राहायलाही जागा नसते. मतदान केंद्रात मात्र तिच्या बोटाला तीच शाई लागते जी बागायतदाराच्या बोटाला लागते. गावात इतकी बरोबरी दुसऱ्या कुठल्या ठिकाणी मिळते? लिलाव नेमकी तीच काढून घेतो.

१९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. २०१५ पासून वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीकडे येऊ लागला. आदिवासी भागातल्या पंचायतींना पेसाखाली वेगळा पाच टक्के निधी मिळू लागला. खुर्चीला भाव आला तो असा. आता बोली लावणारा लाखो रुपये ओततो, ते काय विसरून जायला? घरकुल, नळ, रस्ता यांतूनच तो ते वसूल करू पाहणार. जागा बाईसाठी राखीव असेल तर त्याच्या घरची बाई सही करील. आणि उद्या चौकशी लागली की नोटीस तिच्याच नावाने येईल. पैसा त्याचा, कारभार त्याचा, गुन्हा मात्र तिचा!

लिलाव न होता बिनविरोध झाली तरी प्रश्न उरतोच. एरवी पाच वर्षांतून एकदा तरी उमेदवार दाराशी येतो आणि पाण्यासाठी हंडा घेऊन वणवण करणारी बाई त्याला दोन शब्द सुनावते. बिनविरोध निवडणुकीत दाराशी कुणी येत नाही. 'नोटा'चं बटणसुद्धा मिळत नाही. वर काही आमदार बिनविरोध गावांना लाखोंचा निधी जाहीर करतात. मत न देण्याचं हे बक्षीसच झालं.

निवडणुकीने भांडणं होतात, हे खोटं नाही. गटबाजी होते, दारू वाहते, जावा-जावांचं बोलणं बंद होतं, आणि पिऊन आलेल्याचा मार बाईच खाते. पण यावर इलाज दारू आणि पैसा थांबवणं हा आहे, बाईचं मत थांबवणं हा नव्हे. खरं एकमत आम्हालाही हवंच आहे. १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला शेतकरी संघटनेच्या बायकांचं संपूर्ण पॅनेल निवडून आलं. बायकांनी एकत्र येणं आणि चार कारभाऱ्यांनी आपसांत वाटून घेणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. १९७२ नंतर शहाद्याच्या परिसरात श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली, तेव्हा त्यांच्यासाठी पंचायतीत एक तृतीयांश जागा राखीव नव्हत्या. पुढे आडव्या बाटलीचं मतदान आलं. त्यात गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे घरी बसलेली बाई दुकानाच्याच बाजूने मोजली जाते. एका मताचं वजन आपल्याला तिथे कळलं. ऊसतोडीला गेलेल्या बायकांचं तर मतही जातं आणि २६ जानेवारीची ग्रामसभाही. निवडणुकीची तारीख ठरवताना त्यांचा विचार कोण करतं?

म्हणून गटांनी तीन गोष्टी कराव्यात. अर्ज भरण्याआधी महिलांची सभा घ्यावी आणि उमेदवारांची नावं तिथे उघडपणे बोलावीत. बोली लागल्याचं कळलं तर तारीख, जागा, चित्रफीत यांसह तहसीलदाराकडे लेखी तक्रार द्यावी. ती एकटीने देऊ नये, दहा-वीस सह्यांनी द्यावी. आणि एखादं गाव बिनविरोध झालं म्हणून हार घालण्याआधी विचारावं: तुमच्या गावातल्या किती बायकांना विचारलंत?

गाव शांत राहिलं म्हणतात. ती शांतता बायकांच्या तोंडावर हात ठेवून आलेली असेल, तर थोडं भांडण झालेलं बरं.